एक कमिट, दोन वाटा

लिनक्स कर्नलचा मूळ कोड २०२५च्या सुरुवातीला चार कोटी ओळींच्या पुढे गेला. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत साधारण बारा ते पंधरा हजार बदल जमा झालेले असतात. हे बदल करणारे दीड-दोन हजार लोक जगभर विखुरलेले आहेत. कोणी चिप बनवणाऱ्या कंपनीत असतो, कोणी सर्व्हर विकणाऱ्या, कोणी निव्वळ हौसेपोटी रात्री जागतो. त्यांना कामे वाटून देणारा साहेब नाही. अशा कामात दोघांचा हात एकाच ओळीवर पडणे अटळच असते, पण ती अडचण त्यातल्या त्यात सोपी. खरी पंचाईत होते ती एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावाचून उभाच राहत नसेल आणि दोघांचे बदल वेगवेगळ्या वाटांनी जाणार असतील तेव्हा.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला किती वेळ द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क, नेटवर्क कार्ड, टचस्क्रीन यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे सारे तो पाहतो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. तेव्हा समन्वयाचा प्रश्नच नव्हता, कारण सगळा कोड एका माणसाच्या डोक्यात मावत होता. नव्वदच्या दशकात लोक आपले बदल पॅचच्या रूपात त्याला ईमेलने पाठवत आणि तो ते हाताने जोडत असे. पॅच म्हणजे ‘या फाइलमधल्या या ओळी काढा, या घाला’ असे सांगणारे छोटे टिपण. घेतला नाही तर बहुधा उत्तरही येत नसे. पाठवणाऱ्याने काही दिवस थांबून पुन्हा पाठवायचा, अशी रीत होती. १९९८च्या सुमारास पॅचचा ओघ एका माणसाला झेपेनासा झाला आणि तशी उघड तक्रारही होऊ लागली. २००२ पासून टोरवाल्ड्सने बिटकीपर हे खासगी कंपनीचे साधन वापरले. एप्रिल २००५ मध्ये त्याची मोफत परवानगी संपुष्टात आली आणि त्याच महिन्यात, मोजक्या दिवसांत, त्याने गिट लिहिले. आज जगभरचे प्रोग्रामर वापरतात ते गिट जन्मले या एका प्रकल्पाच्या गरजेतून.

गिटमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांची एक ओळख असते, आणि ती कोणी ठरवून दिलेली नसते. त्या क्षणी असलेला सगळा कोड, लेखकाचे नाव, तारीख, संदेश आणि आधीच्या कमिटची ओळख या सर्वांवर गणित करून ती निघते. आधीच्या कमिटची ओळख तिच्यात मिसळलेली असल्यामुळे मागचा एक स्वल्पविराम बदलला तरी पुढच्या सगळ्या ओळखी बदलतात. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या तपशिलावरच सामायिक बदलांची पुढची सगळी व्यवस्था उभी आहे.

कर्नलच्या प्रत्येक भागाची देखरेख करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. कोणती फाइल कोणाकडे, याची नोंद कोडसोबतच एका भल्यामोठ्या यादीत असते. तिच्यात दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक मोठ्या मेंटेनरची स्वतःची गिट रिपॉझिटरी असते, तिला या मंडळींत ‘ट्री’ म्हणतात. लोक पॅच मेंटेनरकडे पाठवतात, तो तपासून आपल्या ट्रीमध्ये घेतो आणि ठरल्या वेळी टोरवाल्ड्सला ‘माझ्याकडचे ओढून घ्या’ अशी विनंती करतो. ही पुल रिक्वेस्ट. २०११ मध्ये कर्नलच्या मुख्य सर्व्हरवर घुसखोरी झाली. त्यानंतर डिजिटल सही केलेल्या टॅगसह विनंती पाठवायचा शिरस्ता रुळला.

ठरली वेळही ठाम असते. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे मर्ज विंडो उघडी राहते आणि नवे काम त्या काळातच आत येते. दुसऱ्या रविवारी पहिला कच्चा मसुदा, म्हणजे आरसी-१, निघतो आणि दार बंद होते. त्यानंतर दर रविवारी एक असे, आरसी-१ धरून, सहसा सात, क्वचित आठ मसुदे निघतात. त्या काळात फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. आजची गाडी चुकली तर पुढची नऊ-दहा आठवड्यांनी. म्हणून सामायिक बदलाच्या आखणीत ‘काय’ याइतकाच ‘कधी’ हा प्रश्न येतो.

या पद्धतीला ताण देणारा एक नियम कर्नलने स्वतःच घालून घेतला आहे. बाहेरच्या प्रोग्रामना दिसणारे वर्तन मोडायचे नाही, यावर टोरवाल्ड्स कमालीचा आग्रही आहे. आतल्या फंक्शनना मात्र कसलेही अभय नाही. त्यांचे नाव, स्वरूप, अर्थ उद्या बदलू शकतो. ही भूमिका ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी एका प्रसिद्ध टिपणात मांडली, आणि ते आजही कर्नलसोबत येते. सवलत मोठी, आणि तिची किंमतही तेवढीच: जो आतला इंटरफेस बदलेल त्याने तो वापरणाऱ्या सगळ्या जागा स्वतः दुरुस्त करून द्यायच्या. त्या जागा शंभर ड्रायव्हरमध्ये आणि वीस मेंटेनरांच्या हद्दीत पसरलेल्या असल्या तरी सुटका नाही. त्यात आणखी एक अट आहे. मधल्या प्रत्येक कमिटवर कर्नल कंपाइल होऊन सुरू झाला पाहिजे. दोष नेमका कोणत्या बदलाने आला हे शोधताना इतिहास निम्म्यानिम्म्याने कापत जातात, आणि अध्येमध्ये मोडके कमिट लागले तर तो शोध तिथेच अडतो. म्हणजे ‘आधी इंटरफेस बदलू, वापरणारे मागाहून सुधारू’ ही पळवाटही बंद.

दोन ट्री एकत्र करताना होणारे तंटे दोन जातींचे. पहिल्या जातीत दोघांनी एकाच ओळीजवळ बदल केलेला असतो. गिट थांबते, खुणा घालून माणसाला विचारते, आणि माणूस दोन मिनिटांत निवाडा करतो. दुसरी जात कावेबाज. एकाने आपल्या ट्रीमध्ये एका फंक्शनचे नाव बदलले आणि तोवर असलेल्या सगळ्या वापराच्या जागा इमानदारीने सुधारल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्याने, दुसऱ्या ट्रीमध्ये, जुन्या नावाने हाक मारणारा नवा ड्रायव्हर घातला. दोघांच्या घरी सगळे सुरळीत. ओळी एकमेकींना भिडतच नाहीत, त्यामुळे गिटही निमूटपणे जोडणी करते. मोडते ते जोडणीनंतर, कंपाइल करताना. त्याहून वाईट म्हणजे नाव तेच आणि अर्थ बदललेला असेल, तर कंपाइलही होते आणि मशीन चालता चालता आडवे पडते.

हे तंटे मर्ज विंडोच्या आधीच उघडे पडावेत म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट सुरू केले. कल्पना साधी, अंमलबजावणी चिकाटीची. कामाच्या प्रत्येक दिवशी टोरवाल्ड्सच्या ताज्या ट्रीपासून सुरुवात करायची आणि मेंटेनरांच्या ट्री एकामागून एक तिच्यात मिसळत जायच्या. आज त्यांची संख्या तीनशेहून अधिक आहे. मध्ये मध्ये थांबून कंपाइल करून पाहायचे. तंटा सापडला तर तात्पुरता सोडवायचा आणि दोन्ही मेंटेनरांना पत्र लिहायचे की तुमचा बदल आणि यांचा बदल असे आदळले, मी असे सोडवले, बरोबर आहे का पाहा. एखाद्याची ट्री मोडकीच असेल तर तिची कालची प्रत वापरायची. संध्याकाळी त्या दिवसाच्या तारखेचे नाव देऊन सगळे प्रसिद्ध करायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते बाजूला सारून पुन्हा आरंभापासून. अंगणातल्या रांगोळीसारखे, रोज पुसून रोज नवे. त्यामुळेच त्यावर आपले काम उभारायला मनाई आहे. आजची जमीन उद्या नसते. पुढची आवृत्ती जोडल्यावर कशी दिसेल, याचे ते रोजचे भाकीत. मर्ज विंडोत एखादी पुल रिक्वेस्ट लिनक्स-नेक्स्टमध्ये न दिसलेला कोड घेऊन आली तर टोरवाल्ड्सच्या कपाळावर आठी उमटतेच.

तंटा दिसला म्हणून मेंटेनरने आधीच टोरवाल्ड्सची ट्री आपल्यात ओढून तो मिटवावा, असेही नसते. नवख्या मेंटेनरची ही हटकून होणारी चूक. दोन भाग कुठे घासतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा टोरवाल्ड्सचा हट्ट आहे. त्याची अपेक्षा एवढीच की विनंतीत तंट्याचा उल्लेख असावा आणि हवे तर सोडवणुकीचा नमुना सोबत द्यावा. ग्राफिक्स ड्रायव्हरवाल्यांचे काम इतके गुंतलेले असते की त्यांनी सोडवलेल्या तंट्यांची सामायिक वहीच ठेवली आहे. गिटला एकदा दाखवलेली सोडवणूक लक्षात ठेवता येते. ती आठवण ही मंडळी आपसांत वाटून घेतात.

लिनक्स-नेक्स्ट तंटा दाखवते, पण आपसांत अवलंबून असलेले बदल कसे न्यायचे हे ते सांगत नाही. त्यासाठी एक नमुनेदार प्रसंग घेतलेला बरा. फोनमध्ये किंवा छोट्या संगणकात वीजपुरवठा सांभाळणारी एक चिप असते. दिसायला एक, पण तिच्या पोटात व्होल्टेज रेग्युलेटर, घड्याळ, बॅटरी चार्जर, पॉवर बटण आणि दोन-चार इनपुट-आउटपुट पिना एवढा संसार. कर्नलमध्ये या प्रत्येकाची हद्द वेगळी. रेग्युलेटर मार्क ब्राउन यांच्याकडे, घड्याळे अलेक्झांडर बेलोनी यांच्याकडे, आणि अशा बहुढंगी चिपांचा मुख्य ड्रायव्हर ली जोन्स यांच्याकडे. चिपमधल्या रजिस्टरांचे पत्ते देणारी हेडर फाइल मुख्य ड्रायव्हरसोबत येते आणि बाकी सगळे ड्रायव्हर तिच्यावर विसंबतात. ती जोन्स यांच्या ट्रीमध्ये आणि घड्याळाचा ड्रायव्हर बेलोनींच्या ट्रीमध्ये गेला, तर बेलोनींच्या ट्रीमध्ये तो कंपाइलच होणार नाही.

सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे सगळे पॅच एकाच ट्रीमधून न्यायचे. उरलेल्या मेंटेनरांनी ‘अ‍ॅक्ड-बाय’ अशी ओळ द्यायची: माझ्या हद्दीतला हा बदल मला मान्य आहे, तो तुमच्या वाटेने जाऊ दे. ही हद्दीतून जाऊ देण्याची संमती, तपासणीचा दाखला नव्हे. त्यासाठी ‘रिव्ह्यूड-बाय’ ही वेगळी ओळ आहे. छोट्या कामाला एवढे पुरते. पण घड्याळाच्या त्याच फाइलमध्ये बेलोनींकडे त्या हंगामात आणखी पाच बदल रांगेत असतील, तर दोन ट्री एकाच फाइलवर आदळणार.

मग मनात येते की सामायिक पॅच दोघांनीही आपापल्या ट्रीमध्ये घ्यावा. काय बिघडले? मजकूर तर एकच. पण इथे कमिटची ओळख आडवी येते. मजकूर एक असला तरी आधीचे कमिट वेगळे, नोंदवणारा वेगळा, वेळ वेगळी. म्हणून गिटच्या लेखी ते दोन स्वतंत्र बदल. इतिहासात तीच गोष्ट दोनदा दिसते. पुढे एकाने त्याच ओळींवर आणखी काही लिहिले की जोडताना नाहक तंटा उभा राहतो, आणि कोणती प्रत खरी हे उकरत बसावे लागते.

यावरचा तोडगा म्हणजे अचल ब्रांच. ब्रांच म्हणजे इतिहासातून फुटलेली कमिटची वेगळी साखळी. जोन्स आधीच्या एखाद्या मसुद्यावर, बहुधा आरसी-१ वर, एक छोटी ब्रांच काढतात. तिच्यात फक्त सामायिक कमिट घालतात, बाकी एक ओळही नाही. तिला सही केलेला टॅग लावून ती कोणकोणत्या हद्दींसाठी आणि कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे नावातच लिहितात, आणि इतरांना कळवतात. ज्याला गरज असेल तो ती ओढून घेतो आणि वर आपले काम रचतो. जोन्स स्वतःही तीच ब्रांच आपल्या ट्रीमध्ये मिसळतात. आता हेडर फाइलचे कमिट दोन्हीकडे आहे, आणि ओळखीसकट तेच आहे. मर्ज विंडोत टोरवाल्ड्सने आधी बेलोनींची ट्री ओढली तर ते कमिट त्यांच्यासोबत येईल, आधी जोन्स यांची ओढली तर त्यांच्यासोबत. दुसऱ्या वेळी गिट पाहते की हे आपल्याकडे आलेले आहे, आणि पुढे जाते. कोण आधी पोहोचेल याची चिंता कोणालाच उरत नाही.

‘अचल’ या शब्दाला गिटमध्ये कुलूप नाही. काढणारा मनात आले तर ती ब्रांच पुन्हा लिहू शकतो. रिबेस म्हणतात त्याला: कमिट उचलून दुसऱ्या पायावर नव्याने रचणे. टंकनदोष सुधारायला केलेला रिबेसही ओळख बदलतो, आणि इतरांनी जुनी ओळख आधीच पोटात घेतलेली असते. म्हणून प्रसिद्ध केल्यावर या ब्रांचला हात लावायचा नाही, चूक निघाली तर दुरुस्तीचे नवे कमिट वर ठेवायचे. ब्रांच अचल राहते ती केवळ काढणाऱ्याने दिलेल्या शब्दाने. शब्द मोडला तर लिनक्स-नेक्स्टमध्ये एकाच मजकुराची दोन कमिटे दिसतात आणि लगेच पत्र येते.

ब्रांच छोटी ठेवण्यालाही कारण आहे. बेलोनींनी जोन्स यांची अख्खी ट्रीच ओढली, आणि काही कारणाने टोरवाल्ड्सने जोन्स यांची विनंती नाकारली, तर नाकारलेला सगळा कोड घड्याळाच्या वाटेने मागल्या दाराने आत येईल. म्हणून दुसऱ्याच्या ट्रीमधून नेमके लागते तेवढेच घ्यायचे, आणि ते का घेतले हे मर्जच्या संदेशात लिहायचे. कारण न लिहिलेल्या मर्जबद्दल टोरवाल्ड्सने अनेकांना खडसावले आहे.

ब्रांचचा पाया निवडण्यातला धोका मार्च २०२१ मध्ये दिसला. ५.१२ आवृत्तीच्या आरसी-१ मध्ये असा दोष निघाला की स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन न ठेवता फाइल वापरणाऱ्या मशीनवर कर्नल डिस्कवर भलत्याच ठिकाणी लिहीत सुटे. फाइल सिस्टिम उद्ध्वस्त होऊ शकत होती. टोरवाल्ड्सने रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच आरसी-२ काढले आणि आरसी-१च्या टॅगचे नावच बदलून त्यापुढे ‘डोन्टयूज’ जोडले. दोष दुरुस्त झाला तरी मेंटेनरांना बजावणे गरजेचे होते. त्या हंगामाच्या ब्रांच आरसी-१ वर उभारल्या गेल्या असत्या, तर पुढे वर्षानुवर्षे कोणीही इतिहास कापत दोष शोधताना नेमका त्या डिस्क खाणाऱ्या कमिटवर उतरला असता.

वीस हद्दींत पसरलेल्या बदलाला अचल ब्रांच अपुरी पडते. तिथे युक्ती वेगळी लागते: जुने आणि नवे काही काळ शेजारी नांदू द्यायचे. प्लॅटफॉर्म ड्रायव्हर काढून टाकताना चालणारे ‘रिमूव्ह’ फंक्शन पूर्वी एक आकडा परत करत असे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना वाटे की चूक कळवली तर काढणे थांबेल, पण कर्नल तो आकडा जवळजवळ दुर्लक्षून पुढे जाई आणि संसाधने गळत. आकडा काढून टाकायचा, तर हजारांच्या घरातले ड्रायव्हर एका फटक्यात बदलावे लागले असते. उवे क्लाइने-कोनिग यांनी ६.३ मध्ये ‘रिमूव्ह-न्यू’ हे दुसरे, काहीही परत न करणारे फंक्शन शेजारी आणले. मग एकेका हद्दीत, त्या त्या मेंटेनरच्या वाटेने, ड्रायव्हर नव्या नावावर गेले. कोणाला कोणासाठी थांबावे लागले नाही. ६.११ मध्ये मूळ ‘रिमूव्ह’चेच स्वरूप बदलले. तोवर २०२४चे निम्मे वर्ष सरले होते. काम दीड वर्षाचे. त्यानंतर सगळ्यांना पुन्हा जुन्या नावावर आणायची फेरी उरलीच. घर दुरुस्त होईपर्यंत बिऱ्हाड शेजारी हलवून मग परत आणण्याचा हा प्रकार, कंटाळवाणा पण बिनधोक.

टायमरची कथा याहून चटपटीत. टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनला पूर्वी एक मोकळा आकडा दिला जाई, आणि त्यात कोणीही काहीही भरे. मेमरीत घुसलेल्या हल्लेखोराला फंक्शनही आपले आणि आकडाही आपला, अशी सोय. केस कुक यांनी २०१७ मध्ये तो आकडा हटवून टायमरचाच पत्ता देणारी नवी रचना आणली. तिची पूर्वतयारी ४.१४च्या आरसी-३ मध्ये, म्हणजे दार बंद असताना, मुद्दाम आत घेतली गेली. नव्या कामाला तेव्हा मज्जाव असतो; पण ती आत असल्यामुळे सगळ्या मेंटेनरांना ४.१५ साठीच्या रूपांतरांना एकच सामायिक पाया मिळाला. सुटून राहिलेल्या जागा ४.१५च्या मर्ज विंडोच्या अखेरीस एकगठ्ठा बदलल्या आणि जुनी रचना काढून टाकली.

ही विंडोच्या शेवटची, आरसी-१ निघण्यापूर्वीची घटका सरसकट नामांतरांसाठी सोन्याची. सगळ्यांचे नवे काम तोवर आत आलेले असते आणि पुढच्या हंगामाचे कोणी सुरू केलेले नसते. अशी नामांतरे माणूस हाताने करत नाही. ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी घडवलेले कोक्सिनेल हे साधन त्यासाठी आहे. नाव फ्रेंचमधल्या ठिपकेवाल्या किड्याचे, काम दोष टिपण्याचे आणि कोड बदलण्याचे. बदलाचा नियम लिहून दिला की ते कोडची रचना समजून सगळीकडे तो लावते. नियम कमिटच्या संदेशातच दिला तर मर्ज विंडोच्या शेवटच्या दिवशी ताज्या कोडवर पुन्हा चालवता येतो. पॅच जपून ठेवण्यापेक्षा तो पुन्हा जन्माला घालणे सोपे.

सगळेच तंटे नामांतराचे नसतात. २०११ मध्ये एआरएम प्रोसेसरच्या कोडवर टोरवाल्ड्स भडकला, कारण प्रत्येक चिपवाला आपल्यापुरता कोड आणून एकाच जागी ओतत होता. त्यातून आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहान्सन यांनी सांभाळलेली सामायिक ट्री उभी राहिली आणि बोर्डांची वर्णने डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलींत गेली. तिथे नवीच गाठ पडली. घड्याळ-संकेतांचे क्रमांक देणारी हेडर फाइल ड्रायव्हरलाही लागते आणि बोर्डाच्या वर्णनालाही, आणि दोन्हींच्या वाटा वेगळ्या. एक तर अचल ब्रांच काढतात, नाहीतर वर्णनात एक आवृत्तीपुरते नावाऐवजी नुसते आकडे लिहून पुढच्या खेपेला नावे घालतात. दुसरा मार्ग रूक्ष, पण कोणाचीही परवानगी लागत नाही.

डिसेंबर २०२२च्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली आणि ‘बदलणाऱ्याने सगळे दुरुस्त करावे’ हा जुना नियम वादात सापडला. सी भाषेतले फंक्शन बदलणाऱ्याला रस्ट येत नसेल तर त्यावरचे रस्टचे आवरण कोणी दुरुस्त करायचे? अनेक ठिकाणी व्यवहारात ते काम आवरण लिहिणाऱ्यांनी अंगावर घेतले. २०२५च्या आरंभी उपकरणांना थेट मेमरी वापरू देणाऱ्या डीएमए विभागात यावरून खडाजंगी झाली, तेव्हा टोरवाल्ड्सने दिलेला निर्वाळा असा: रस्टचा कोड आपल्या हद्दीत येऊ न देण्याचा मेंटेनरला अधिकार आहे, पण दुसऱ्या हद्दीतून आपला इंटरफेस कोणी वापरायचा हे तो ठरवू शकत नाही.

आवृत्ती निघाल्यावरही सामायिक बदलाचे काम पुरते संपत नाही. वर्षानुवर्षे सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या मागे न्याव्या लागतात, आणि तिथे नामांतर झालेलेच नसते. टायमरवरून त्याच्या मालक-संरचनेचा पत्ता काढणाऱ्या साधनाचे नाव जून २०२५ मध्ये, ६.१६च्या मर्ज विंडोच्या अगदी शेवटी, सगळीकडे एकदम बदलले. त्या ओळी असलेली दुरुस्ती ६.१२ मध्ये न्यायची, तर एक तर जुने नाव हाताने परत लिहावे लागते, नाहीतर नव्या नावाची व्याख्याही तिच्यासोबत न्यावी लागते.